लाल रकान्यातलं कोचीन

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी असे. आता सांगितलं तर नातवंडांना गंमत वाटते, पण त्या काळी आमच्या पट्ट्यात वीज पुरत नसे म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटून दिल्या होत्या आणि चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या कॉलनीच्या वाट्याला गुरुवार आला होता. शाळा कॉलनीचीच, त्यामुळे तिनेही गुरुवारच धरलेला. रविवारी सकाळी पुण्यातली मुलं अंथरुणात लोळत असतील तेव्हा आम्ही तेल लावून, वेण्या घालून, दप्तरं घेऊन निघालेलो असायचो. याचं आम्हांला काही वाटत नसे. उलट माझी पुण्याची मावसबहीण एकदा रविवारी आली आणि म्हणाली, "आज कशी गं शाळा?" तेव्हा मला तिचीच कीव आली होती. बुधवारची रात्रपाळी सुटली की मशीनं थांबत, भोंगा गप्प होई, आणि एरवी ऐकूच न येणारे आवाज ऐकू येऊ लागत. शेजारच्या घरातलं जात्याचं घरघरणं, रुळावरून जाणारी मालगाडी, आणि दिघीकडे लष्कराचा सराव चालू असला तर लांबून येणारे धमाके. कॉलनीतल्या पुरुषांची या गुरुवारबद्दल एकच तक्रार होती. निम्म्या घरांतल्या बायका गुरुवार पाळायच्या, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मटण नाही. मग मटण बुधवारी संध्याकाळी व्हायचं आणि दुसऱ्या पाळीला असलेल्या बिचाऱ्यांना परत आल्यावर गार रस्सा मिळायचा. गुरुवारी आमच्या घरात भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि आईच्या उपासाच्या खिचडीतला आमचा हक्काचा घास.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, अंबाजोगाईकडच्या एका खेड्यातून इथे आले ते हेल्पर म्हणून. पण अक्षर मोत्यासारखं आणि डोकं हिशेबी, म्हणून काही वर्षांत ते प्लॅनिंगमध्ये गेले. प्लॅनिंग म्हणजे कुठल्या मशीनवर कुठला पार्ट कुठल्या दिवशी चढवायचा, हे ठरवायचं खातं. त्यांच्या टेबलामागे भिंतभर कागद लावलेला असे. वर तारखांचे रकाने, डावीकडे मशीनची नावं, आणि मधे पेन्सिलीने ओढलेल्या आडव्या रेघा. आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारी संपायचा. गुरुवारचा रकाना लाल पेन्सिलीने रंगवलेला, कारण त्या दिवशी काहीच चालणार नाही. अण्णांना हा कागद इतका आवडायचा की तो हळूहळू घरी आला. आईच्या पापडांचा कागद झाला, माझ्या परीक्षेचा झाला, पाहुणे यायचे असले की मोरीचासुद्धा झाला. कुणी किती वाजता अंघोळ करायची, बंब किती वाजता पेटायचा, सगळं रेघांत. आईच्या केस विंचरण्याला त्यांनी एकदा 'सेटिंग टाइम', म्हणजे मशीन चालू करण्याआधीचा तयारीचा वेळ, असं लिहिलं होतं, आणि आईने त्या दिवशी मुद्दाम दुप्पट वेळ लावला. अण्णा रागावले नाहीत. शांतपणे खोडरबर घेऊन त्यांनी तिची रेघ लांब केली.

एकच माणूस त्यांच्या रेघेत बसला नाही, तो म्हणजे माझा मोठा भाऊ वसंता. मॅट्रिक झाल्यावर अण्णांनी साहेबांकडे शब्द टाकून त्याची कंपनीत अप्रेंटिसची जागा ठरवली होती. त्या जागेसाठी लोक देव पाण्यात घालून बसायचे. रुजू व्हायच्या दिवशी वसंता गेलाच नाही. त्याने कुणाला न सांगता जहाजावरच्या इंजिनकामाच्या सरकारी प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता, त्याचं बोलावणं आलं होतं, आणि त्याला कोचीनला जायचं होतं. ज्या मुलाने पवना नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्याला जहाजावर जायचं होतं. अण्णांना साहेबांपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं. संध्याकाळी घरी येऊन ते वसंताला म्हणाले, "माझ्या कागदावरून तुझं नाव काढलं." एवढंच. ना आरडाओरडा, ना हात उगारणं. वसंता त्याच आठवड्यात ट्रंक घेऊन गेला, आणि त्यानंतर अण्णांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. त्याची पत्रं आईच्या नावाने येत. आईला वाचता यायचं, पण हळू, म्हणून मी मोठ्याने वाचायची. अण्णा बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले असत, आणि मी पत्र उघडलं की रेडिओचा आवाज आपोआप बारीक होई. पत्र संपलं की पुन्हा मोठा. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. तिला मुलाला बघायचं होतं. दोन दिवाळ्या त्याच्यावाचून गेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवाळीला तिने करंज्या तळता तळता कढई खाली उतरवून ठेवली आणि पदर तोंडाला लावून बसली, ते मी पाहिलं होतं.

अशात एका गुरुवारी अण्णांनी जेवणं झाल्यावर जमिनीवर एक कोरा कागद पसरला. कंपनीतून आणलेल्या जुन्या ब्लू प्रिंटची ती मागची बाजू होती, तिला अमोनियाचा वास यायचा. चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि जाहीर केलं, "औंदाच्या दिवाळीत आपन फिरायला जायचं. कंपनी भाडं देती, रजा साठलेली हाय. देश बघून येऊ." आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. आमच्या माहितीत फिरायला म्हणून कुणी गेलेलं नव्हतं. लोक गावी जायचे, लग्नाला जायचे, आळंदीला किंवा तुळजापूरला जायचे. नुसतं बघायला जाणं ही साहेबांची गोष्ट होती. "कुठं ओ?" आईने विचारलं. अण्णांनी रेल्वेचं वेळापत्रक काढलं, नकाशा काढला आणि पेन्सिलीने गोल काढत सांगितलं, "धारवाड, बंगळूर, म्हैसूर, मग कन्याकुमारी, मद्रास, आन् तितून सरळ पुनं. गोल तिकीट मिळतं. मोठी शहरं झाली, समुद्र झाला, खेडी बी झाली." मी नकाशात वाकून पाहिलं. म्हैसूर आणि कन्याकुमारीच्या मधे, डाव्या कडेला, त्यांनी आधीच एक बारीक टिंब देऊन ठेवलं होतं. "हे काय?" मी विचारलं. अण्णा नकाशाकडेच बघत म्हणाले, "कोचीन. बंदर हाय. बघन्यासारखं असतं म्हनं." आईने परत भांडी घासायला घेतली, पण आता ती फार हळू घासत होती, जणू आवाज झाला तर ते टिंब पुसलं जाईल.

मग कितीतरी गुरुवार त्या कागदावर गेले. आज माझी नात मोबाइलवर तासाभरात सगळा युरोप ठरवते, हॉटेलाच्या खिडकीतून काय दिसेल तेसुद्धा आधी बघते, आणि मला ते बघायला मजाही येते. पण आमच्या त्या ठरवण्यात जी चंगळ होती ती तिला कशी सांगू? कॉलनीत सगळा देश राहत होता. धारवाडचे देसाई, बंगळूरचा एक वेल्डर, मद्रासच्या निर्मलाकाकू, आणि समोरच्या बिऱ्हाडातले कुरुपकाका, ते कोचीनजवळच्या एका खेड्यातले. बातमी पसरली तशी माणसं चहाला येऊ लागली आणि कागदाभोवती उकिडवी बसून सल्ले देऊ लागली. कुणी म्हणे म्हैसूरला दोन दिवस हवेतच, कुणी म्हणे बंगळूरला काय ठेवलंय. हॉटेलात राहायचा प्रश्नच उठला नाही. "माझ्या भावाकडे उतरा," "माझ्या आत्याकडे उतरा," आणि नाही म्हटलं तर राग. अण्णांचा मार्ग शेवटी शेजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या घरांवरूनच आखला गेला. त्याबदल्यात प्रत्येकाने आपापल्या माणसांसाठी एकेक पुडकं आणून दिलं. लुगडं, लोणचं, दिवाळीचा फराळ. निर्मलाकाकूंनी तर आईकडून शिकून केलेले अनारसे दिले, मद्रासच्या बहिणीला दाखवायला. आई म्हणाली, "आपन फिराय चाललो का टपाल वाटाय?" कुरुपकाका मात्र फार बोलायचे नाहीत. त्यांना वसंताचं सगळं माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "फिकर नको, सोळंकेजी. माझी चेची आहे तिथे. घर मोठं आहे, पाणी आहे, सगळं आहे." चेची म्हणजे मोठी बहीण, हे आम्हांला फार उशिरा कळलं. आई ते तिचं नावच समजून चालली होती.

कागदावर गुरुवारचे रकाने अण्णांनी सवयीने आधीच लाल रंगवून घेतले होते. सुट्टीच्या दिवशी प्रवास नको, एका जागी राहायचं, असा त्यांचा नियम. आता वसंताने एका पत्रात लिहिलं होतं की इथे शिस्त फौजेसारखी आहे, आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारीच तेवढं बाहेर सोडतात, एरवी कुणाला भेटता येत नाही. ते पत्र वाचलं त्या दिवशी रेडिओ अगदीच बारीक झाला होता. पुढच्या गुरुवारी मी पाहिलं तर अण्णांनी म्हैसूरचा एक दिवस कापला होता, बंगळूरची गाडी बदलली होती, आणि कोचीनची रेघ बरोबर लाल रकान्यात आणून बसवली होती. आई त्या रकान्याकडे बघत राहिली. मग तिने उठून अण्णांना न मागता चहा केला, वर वेलदोडा घालून. वसंताला मी पत्र लिहिलं, पण त्यात तारीख घालायची नाही असं आईनेच सांगितलं. तारीख घातली तर आपण त्यालाच भेटायला निघालोय असं दिसेल, आणि अण्णांना ते चालणार नाही. म्हणून 'दिवाळीत तिकडे येणं होईलसं वाटतं' असं मोघम लिहिलं. तिघंही जण आपण देश बघायला चाललोय असं मनापासून दाखवत होतो, आणि तिघांच्याही नजरेसमोर एकच दुपार होती.

प्रवास सुरू झाला आणि अण्णांचा कागद गाडीच्या डब्यात आमच्याबरोबर उलगडत गेला. धारवाडला देसाईंच्या घरी आईने पहिल्यांदा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून आयतं जेवण जेवलं. इतकी अवघडली होती की जेवून उठल्यावर स्वतःचं ताट घासायला गेली. बंगळूरच्या रस्त्यांवरची झाडं, म्हैसूरचा राजवाडा, त्याचे दिवे. मला म्हैसूरचं काय आठवतं तर केवड्यासारख्या वासाच्या उदबत्त्यांचं दुकान आणि तिथे अण्णांनी आईसाठी, माझ्यासमोर, लाजत लाजत घेतलेली चंदनाची डबी. ते असं कधी करत नसत. गाडीत ते शेजारच्या प्रवाशांना आमचा कागद दाखवायचे आणि लोक कौतुक करायचे. कोइमतूर सोडल्यावर झाडं दाट झाली, माती लाल झाली, आणि खिडकीतून नारळ, नारळ आणि नारळ दिसू लागले. आमच्याकडे नारळ म्हणजे देवापुढे फोडायची वस्तू, आणि अर्धी वाटी प्रसादाची. आई म्हणाली, "एवढे देव कुठून आनायचे ह्यांनी?" ती खुशीत होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

चेचीच्या घरी सामान टाकून आम्ही होडीने आणि मग बसने बंदराच्या बाजूला गेलो. आईने नवं लुगडं नेसलं होतं, हातात फराळाचा डबा होता. लांबच लांब भिंत, लोखंडी फाटक, आणि फाटकावर एक मिशाळ पहारेकरी. अण्णांनी खिशातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर लिहिलेलं वसंताचं नाव आणि नंबर वाचून दाखवला. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव निघालं, तेही परक्या माणसापुढे. पहारेकरी म्हणाला, "आज नहीं साब." अण्णा म्हणाले, "आज छुट्टी है ना?" त्याने जरा चमत्कारिक नजरेने आमच्याकडे पाहिलं. "छुट्टी? आज थर्सडे है. छुट्टी संडे को. दो बजे आओ." आत कुठेतरी शिट्टी वाजत होती, मुलं पळत होती, सगळं कामाच्या दिवसासारखं चाललं होतं. ते बघताना मला एकदम सगळा घोटाळा लक्षात आला. रविवारी जगाला सुट्टी असते हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. बँक रविवारी बंद असते, टपाल येत नाही, हे त्यांना कळत होतं. पण सुट्टी म्हटलं की ज्यांचा हात इतकी वर्षं आपोआप लाल पेन्सिलीकडे जात होता, त्यांनी तो रकाना दुसरीकडे न्यायचा असतो हा विचारच केला नाही. अण्णांनी केला नाही, आईने केला नाही, आणि शाळेत पहिली येणाऱ्या मीही केला नाही. कागदाभोवती उकिडव्या बसलेल्या त्या सगळ्या कॉलनीतल्या एकाच्याही डोक्यात तो आला नाही, कारण आम्ही सगळे एकाच भोंग्यावर जगत होतो.

पहारेकरी भला होता. तो आत विचारून आला. वसंता त्याच्या तुकडीबरोबर पाण्यावर गेला होता, संध्याकाळी येणार, आणि आला तरी बाहेर सोडणार नाहीत. "मेसेज दूंगा," तो म्हणाला, आणि आईच्या हातातल्या डब्याकडे बघून, "ये भी दे दूंगा." आईने डबा पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. "न्हाई," ती मराठीतच त्याला म्हणाली, "हे माझ्या हातानं देनार." रस्त्यापलीकडे नाल्यावरची एक मोरी होती, तिच्या कठड्यावर आम्ही बसलो. अण्णांनी प्रवासाचा कागद मांडीवर पसरला. वारा होता, मी दोन टोकं धरली. शुक्रवारी सकाळची गाडी, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी, मग मद्रासचं रिझर्वेशन, मग पुणे आणि रजा संपली. अण्णा पेन्सिलीने पुढचं मागं, मागचं पुढं करून बघत होते. कन्याकुमारी करून परत यावं तर मद्रासची गाडी जाते. मद्रास सोडावं तर तिथून सुटणारी पुण्याची गाडी जाते. प्रत्येक वेळी रेघ कुठेतरी दुसऱ्या रेघेवर चढत होती. कारखान्यात एवढी मशीनं जुळवणारा माणूस त्या मोरीवर घामाघूम झाला होता. शेवटी आई बोलली. सबंध आयुष्यात मी तिला अण्णांच्या कागदाबद्दल मत देताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमी दोघं जावा म्होरं. मी हितं ऱ्हाते रविवारपोत्तर. लेकराला बघितल्याबिगर मी हलनार न्हाई." मग मऊ आवाजात, "कन्याकुमारी कुठं पळून चालली का ओ?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या फाटकाकडे बघत ते म्हणाले, "मला तरी कुठं कन्याकुमारी बघायची होती."

त्यांच्या तोंडून हे आलं आणि मग ते थांबेनात. म्हणाले की नुसतं कोचीनचं तिकीट काढलं असतं तर कॉलनी काय म्हणाली असती, साहेब काय म्हणाले असते, की सोळंकेचा राग एवढाच का? पोराला भेटायला जातो म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मग धारवाड आलं, म्हणून म्हैसूर आलं, म्हणून मद्रास. "समदं त्याच्यासाठीच मांडलं," ते म्हणाले, "आन् त्याचाच दिवस चुकवला." आईने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला, भर रस्त्यात. मला तेव्हा काय वाटलं ते मी आज सरळ लिहिते. आपल्या बापावर इतकी माया मला आधी कधी आली नव्हती, आणि पुढेही फार वेळा आली नाही. त्यांनी तो कागद घडी न घालताच पिशवीत कोंबला आणि आम्ही तिथूनच स्टेशनवर गेलो. खिडकीवरच्या माणसाने तिकिटं उलटसुलट करून विचारलं की एवढं सगळं रद्द का करताय? अण्णा म्हणाले, "घर में काम है."

मग ते तीन दिवस. माझ्या आयुष्यात मी पुढे बरंच फिरले, मद्रास पाहिलं, कन्याकुमारीही पाहिली, पण कुणी मला सगळ्यांत चांगला प्रवास कुठला विचारलं तर मी चेचीच्या ओटीवर काढलेले ते दिवस सांगते. कुरुपकाकांची ही बहीण साठीची असेल, उंच, पांढरं, लुंगीसारखं मुंडू नेसलेली, आणि तिला आमच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. आम्ही गेलो तसे लगेच परत आलो, पाहुणे आणखी तीन दिवस राहणार म्हणून हातवारे केले, तर तिने कारण विचारलं नाही. मागच्या दारी जाऊन ती केळीचा अख्खा घड उतरवून घेऊन आली. घराच्या मागेच पाणी होतं, रुंद, संथ, आणि त्यावरून होड्या जायच्या. शेणाने सारवलेलं अंगण बघून आई जी सैलावली ती सैलावलीच. दोघी चुलीपुढे बसायच्या. चेची मराठी येत असल्यासारखी मल्याळममधे बोलायची, आई मल्याळम कळल्यासारखी मराठीत उत्तर द्यायची, आणि स्वयंपाक वेळेवर व्हायचा. बांबूच्या नळकांड्यात वाफवलेलं तांदळाचं पुट्टू आम्ही हरभऱ्याच्या उसळीबरोबर खाल्लं. आईने तांदळाच्या पिठाच्या भाकरी थापून दाखवल्या. मद्रासच्या वाट्याचे अनारसे तिथेच संपले, आणि त्याबद्दल निर्मलाकाकूंनी आईला वर्षभर टोमणे मारले. अण्णांना सुरुवातीला काय करावं कळेना. सकाळी उठून ते घड्याळ बघायचे आणि मग बघून उपयोग नाही हे आठवून ओटीवर येऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी ते होडीवाल्याशेजारी बसून काथ्याचा दोर वळायला शिकले. मी त्यांना असं, काही न ठरवता बसलेलं, त्याआधी पाहिलं नव्हतं. चेची आता नाही, कुरुपकाकाही नाहीत. पण ज्या बाईने आमच्या चुकीला तीन दिवस जेवू घातलं, तिचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते असू द्यावं असं मला वाटतं.

रविवारी आम्ही दोनच्या बऱ्याच आधी फाटकासमोर जाऊन उभे राहिलो. अण्णांनी दाढी करताना गालाला कापून घेतलं होतं. आई सारखी डबा या हातातून त्या हातात घेत होती. आमच्यासारखी आणखीही माणसं होती, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर मूल, आणि पहारेकरी आमच्याकडे बघून ओळखीचं हसला. फाटक उघडलं तशी पांढऱ्या कपड्यांतली मुलं बाहेर येऊ लागली. सगळे एकसारखे, एकसारखे केस कापलेले, आणि मला भीती वाटली की आपल्याला तो ओळखूच येणार नाही. आईला ती भीती नव्हती. ती गर्दीत सरळ चालत गेली आणि एका काळ्यासावळ्या, रुंद खांद्यांच्या मुलाच्या छातीवर डोकं टेकवून उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी तो तिच्या कानाइतका होता. वसंताने तिला दोन्ही हातांनी धरलं, मग माझी वेणी ओढली, आणि मग तो अण्णांच्या समोर आला. वाकून पाया पडला. अण्णांचा हात अर्धा वर आला आणि तसाच राहिला.

मग वसंताने असं काही विचारलं, जे त्या घरात वाढलेला मुलगाच विचारू शकतो. "निरोप मिळाला मला गुरुवारी. मधल्या दिवसांत कन्याकुमारी करून आलात का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग आज कितीची गाडी?"

"आज गाडी न्हाई."

"आणि मद्रासचं रिझर्वेशन?"

अण्णा भिंतीकडे बघू लागले. वसंता गोंधळून माझ्याकडे वळला. ज्या माणसाने त्याला लहानपणी मावशीच्या लग्नातून, जेवणाच्या पंक्तीतून उठवून गाडीसाठी पळवत नेलं होतं, त्याच्याबद्दल हे ऐकणं त्याला जड जात होतं. अण्णांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने मला विचारलं, "मंदे, अण्णांची गाडी चुकली?"

मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चुकली नाही रे. तुझ्यासाठी सोडली."

वसंताने खाली मान घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. अण्णा एक पाऊल पुढे झाले, आणि त्या फाटकासमोर, सगळ्या लोकांदेखत, त्याच्या बारीक कापलेल्या केसांवरून हात फिरवत राहिले.